उद्देशाचा रकाना

नाक्यावर एकतीस वर्षं मी तेच ते विचारलं :
कुठून आलात, कुठे चाललात, गाडीत काय.
इंदूरकडून घाट उतरणारे ट्रक,
सोयाबीन, फरशी, एकदा तर नुसते आरसे,
ताडपत्री उचलली तर
प्रत्येकात थोडा थोडा मी, टॉर्च घेऊन.
मागे सेंधवा, पुढे शिरपूर,
आणि मी मधल्या आडव्या बांबूइतकाच हललेला,
वर
खाली.

फंडाच्या पैशातून व्हॅगनार घेतली,
भुसावळच्या एका कंपाउंडरची.
मागच्या काचेवर त्याच्या मुलीचं नाव : प्रांजल.
द्वारका म्हणाली, राहू द्या, खरवडलं तर चरे पडतील.
आम्हाला मुलगी नाही.
तेव्हापासून दर रविवारी
आम्ही प्रांजलमधून जंगलं बघतो.

नियम एकच, दिवेलागणीच्या आत घर.
समोरून येणारे दिवे आता डोळ्यांत सुईसारखे जातात,
ज्यांच्या तोंडाशी मी रात्र रात्र उभा असायचो.
तेवढ्यात जे बसतं ते आपलं :
अनेरचं धरण, जिथं मावळतीला गाळच जास्त
आणि गाळात बगळ्यांची अपुरी सही.
उनपदेवला द्वारकेनं कढत पाण्यात पाय सोडले
आणि अर्धा तास मला ओळख दिली नाही.
तोरणमाळच्या सात पायऱ्यांवर
प्रांजल दोनदा तापली,
बोनेट उघडून आम्ही दरीकडे पाठ करून उभे,
शेजारून एक पोऱ्या शेळ्या हाकत गेला,
"कथा चालनात, बाबा?"
मला पटकन सांगता येईना.

पोरगा पुण्याहून फोनवर विचारतो, काय दिसलं?
अस्वलाची विष्ठा, मी सांगतो, बोरांच्या बियांसकट.
तो म्हणतो, अजून?
अजून एक अंजन, पानगळीतला, पूर्ण रिकामा.
तो म्हणतो, बरं. पेट्रोलचा भाव सांगतो.

पालच्या फाटकावर मात्र
आडवा बांबू होता. अगदी तसाच,
टोकाला दगड बांधलेला.
खुर्चीवरचा गार्ड उठला, गुलसिंग पावरा,
छातीवरच्या पट्टीवर नाव, गुंडी एक तुटकी.
कुठून आलात? शिरपूर.
कुठे चाललात? आत.
गाडीत काय?
"बिबडी, कच्चे शेंगदाणे, थर्मास, बायको,"
मी ओळीनं सांगितलं, सवयीनं.
चुकलंच ते.
त्यानं वाकून डिकीत बघितलं,
एका हातानं झाकण धरून, माझ्यासारखंच,
आणि मला त्याची कंबर दुखली.

मग रजिस्टर. नाव, गाव, वाहन क्रमांक, माणसं.
आणि उद्देश.
वरच्या ओळींत इतरांनी लिहिलेलं :
बिबट्या पाहणे. पिकनिक. पिकनिक.
सदर. सदर. सदर.
मी पेन हवेत धरून राहिलो.
हजारो लोकांना जे मी खडसावून विचारलं
त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
द्वारकेनं पेन काढून घेतलं
आणि तिच्या चौथीच्या अक्षरात,
टोपीसारखी वेलांटी देऊन, लिहिलं :
बसणे.

मग बसलो. चार तास.
थर्माासातला चहा संपला, सावली पायांवरून सरकून गेली.
काही आलं नाही.
शेवटी एक रोही रस्त्यावर येऊन थांबला,
मधोमध. आमच्या नंबरप्लेटकडे बघत.
माझ्या तोंडात तिन्ही प्रश्न तयार होते.
विचारले नाहीत.
तो गेला, ज्या बाजूला त्याला जायचं होतं.

निघताना बाहेर पडायची वेळ लिहावी लागते.
पाच वाजून दहा. ते मी लिहिलं.
एकाच ओळीत तिचं अक्षर आणि माझं,
मधे रकान्याची उभी रेघ,
पट्टी हलल्यामुळे जरा वाकडी.
गुलसिंगनं बांबू वर केला,
आणि खाली करायला थोडा उशीर केला.